कोपरे कापलेला बाजार

एका मिलिमीटरवरून अबोला धरणारा माणूस अख्ख्या नाशकात एकच, आणि तो नेमका आमच्या वरच्या मजल्यावर राहतो. एकलहऱ्याच्या वीजकेंद्रात काकांची सगळी नोकरी झाली. निवृत्त झाले तरी पंख्याचं बटण दाबण्याआधी "चालू करतोय!" असं घरभर बजावतात, आणि दुधाच्या पिशवीचा कोपरासुद्धा पट्टी लावून कापतात. मी घरी बसून संगणकावर लग्नपत्रिका तयार करते, म्हणून त्यांच्या डोक्यातला खेळ माझ्याच गळ्यात पडला.

खेळ भाजीबाजाराचा. काकूंना गोदाकाठी, गंगेवरच्या बाजारात घासाघीस करायची भारी हौस. पण नजर अधू होत गेली, एकदा गर्दीत पडल्या, आणि पिशवी खुंटीला लागली ती लागलीच. मग काकांनी बाजारच घरात आणायचं ठरवलं. पत्त्यांवर भाज्या, एकानं विकायला बसायचं, बाकीच्यांनी भाव पाडायचे. "थोडंफार दिसतंय, तोवर तिच्या हातात पडायला हवेत गं," म्हणाले. आता याला नाही कोण म्हणणार?

पण देवा रे, तो माणूस! मेथी फिकी झाली, वांग्याचं देठ वाकडं आलं, रोज एक तक्रार. पत्त्याचा रंग कापायच्या रेषेच्या जरा बाहेरपर्यंत वाढवून ठेवावा लागतो, कापताना तेवढा जातो, नाहीतर पांढरी कड राहते, हे सांगितलं तर बिथरलेच. "कापूनच टाकायचाय तर छापायचा कशाला? माझ्या वांग्याला कुणी हात लावायचा नाही!" झाला अबोला. मग एका सकाळी चिवड्याची पुडी घेऊन दारात हजर. "वाढव बाई. पण मिलिमीटरच हं!" पुढे काकूंना नमुन्यावरचं अक्षर दिसेना, म्हणून ते मोठं, आणखी मोठं करत गेलो. भाज्यांना जागाच उरेना. "काका, ही दुकानाची पाटी झालीय," मी वैतागून म्हटलं. "होऊ दे पाटी," ते म्हणाले. फाइल एकदाची छपाईला गेली.

पत्ते आले ते गुळगुळीत, देखणे. काकूंनी डोळ्यांजवळ नेले, उजेडाकडे धरले, हळूच खाली ठेवले. "छान झालेत हो. पण मला सगळे सारखेच." मलाच मेलं रडू आलं.

रविवारी मी वर गेले तर काका सतरंजीवर कात्री घेऊन बसलेले. ज्या कडांसाठी माझ्याशी भांडले, त्याच कापत होते. मेथीचा एक कोपरा, वांग्याचे दोन, गवारीला मधोमध खाच. पट्टी कुठे दिसेना.

"अहो, मला सांगायचं. मशीनवर नीट कापून आणले असते."

"नको. कुठली खाच हिच्या बोटाला लागते, ते हिलाच विचारून कापतोय."

काकूंनी एक पत्ता चाचपला. कोपऱ्यावर बोट थांबलं. "मेथी ना? जून आहे. निम्म्यात द्या."

"परवडत नाही, मावशी," काका रुबाबात.

"राहू द्या मग. पुढे बघते." काकू गुडघ्यावर हात टेकून खरोखरच उठायला लागल्या.

काकांची कात्री खाली पडली. "अगं, थांब," ते घाईनं म्हणाले. "घे निम्म्यात. पण उद्याही माझ्याकडेच ये."