थोरल्या जावयांनी काढलेला फ्यूज

थोरले जावई चष्म्याच्या दुकानात मागच्या खोलीत बसून काचा घासायचे. केसाएवढा स्क्रू चिमट्यात धरून फ्रेममध्ये बसवताना त्यांचा हात कधी थरथरला नाही. त्या हाताच्या जोरावर सासरची सगळी दुरुस्ती त्यांच्याकडे आली होती. पंखा कुरकुरला, कुलूप अडलं, इस्त्री तापेना, की फोन यायचा. ते पिशवी घेऊन जायचे, सगळ्यांकडे पाठ करून बसायचे आणि उठताना ‘झालं’ एवढंच म्हणायचे. काय बिघडलं होतं हे त्यांनी कधी सांगितलं नाही. तेवढंच आपलं भांडवल, असं त्यांना वाटे.

मग मेव्हणीचं लग्न झालं आणि साडू आला. तो ड्रायव्हिंग स्कूलमध्ये शिकवायचा. दिवसभर घाबरलेल्या माणसांशेजारी बसून त्याच्या जिभेवर साखर आली होती.

एका रविवारी सासऱ्यांच्या जुन्या गाडीतला रेडिओ बंद पडला. फोन थोरल्यांनाच आला, पण ते पोचेपर्यंत साडू सहज म्हणून डोकावला होता. थोरले फाटकात आले तेव्हा तो ड्रायव्हरच्या जागी वाकून बसला होता आणि सासूबाई चष्मा नाकावर सरकवून त्याच्या खांद्यावरून बघत होत्या. तो त्यांना सगळं नीट समजावत होता. आधी किल्ली काढून घ्यायची. मग स्टिअरिंगखालचं हे झाकण उघडायचं. कुठला फ्यूज कशाचा, ते झाकणाच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं. वीज जास्त झाली की फ्यूजमधली पट्टी वितळते आणि पुढची वायर वाचते. लाल दहाचा, निळा पंधराचा; जो निघाला त्याच आकड्याचा घालायचा. मोठा घातला तर फ्यूज शाबूत राहील आणि वायर पेटेल. नवा घातल्याबरोबर तोही उडाला, तर मात्र मुकाट्याने मेकॅनिक गाठायचा.

सासूबाईंनी प्लॅस्टिकच्या चिमट्याने फ्यूज स्वतः ओढून काढला, उजेडात धरून तुटलेली पट्टी पाहिली आणि नवा बसवला. रेडिओ बोलायला लागला. पिशवी हातात घेऊन थोरले तसेच उभे. त्यांना कुणीतरी चहा दिला.

परतताना बायको म्हणाली, “किती छान समजावलं ना त्यांनी?”

थोरल्यांनी पिशवी दुसऱ्या हातात घेतली. इतक्या वर्षांच्या पंख्यांचं आणि कुलपांचं कुणी असं कौतुक केलं होतं? आठवडाभर ते दुकानात धुमसत राहिले. शेजारच्या स्पेअर पार्टवाल्याकडे जाऊन फ्यूजबद्दल जे जे कळण्यासारखं होतं ते विचारून आले. ज्ञान तर झालं, पण ते दाखवायला सासऱ्यांची गाडी बिघडायला हवी होती, आणि ती ठणठणीत होती.

पुढच्या खेपेला छत्री गाडीत राहिली असं सांगून त्यांनी किल्ली मागून घेतली आणि हॉर्नचा फ्यूज काढून खिशात टाकला. दिव्यांच्या आणि वायपरच्या फ्यूजवरही नजर गेली होती, पण एवढे ते वाया गेले नव्हते. सासऱ्यांचा ब्रेकपेक्षा हॉर्नवर जास्त भरवसा. दुसऱ्याच दिवशी फोन येणार, ही खात्री.

फोन आला नाही. फोन वाजला की थोरले हातातली काच खाली ठेवायचे, आणि बायकोच्या मैत्रिणीचा आवाज ऐकून पुन्हा उचलायचे. साडूला बोलावलं असणार, या विचाराने तर त्यांना जेवण गोड लागेना. शेवटी न राहवून ते स्वतःच गेले. फाटकाशी पोचतात तोच मागून हॉर्न वाजला. सासरे हसत बाजूने गाडी आत घेऊन गेले.

स्वयंपाकघरात सासूबाई एकट्याच होत्या. थोरल्यांनी हवापाण्याचं बोलून हॉर्नची चौकशी केली.

“बंद पडला होता,” त्या म्हणाल्या. “मीच नवा फ्यूज घातला.” मग कपबशी पुसत, त्यांच्याकडे न बघता म्हणाल्या, “उडालेला फ्यूज जागेवरच असतो, जावईबापू. तिथे तर जागाच रिकामी होती.”

थोरल्यांचे कान तापले. खिशातून तो लाल तुकडा काढून त्यांनी ओट्यावर ठेवला. सासूबाईंनी तो उचलून डब्यात टाकला. “स्पेअर म्हणून राहू दे. यांना काही सांगितलेलं नाही मी.”

मग सासूबाईंनी कपाटाचं लोंबकळणारं दार दाखवलं. थोरले सवयीने पाठ करून बसले. बसल्यावर काय वाटलं कोण जाणे, ते बाजूला सरकले आणि स्क्रू ड्रायव्हर सासूबाईंपुढे धरला.

“आई, वरचा स्क्रू आधी सैल करा. सगळा काढू नका.”

सांगणं त्यांना जमत नव्हतं. शब्द अडायचे, मधेच हात पुढे जायचा, तो मागे घ्यावा लागायचा. एरवीपेक्षा दुप्पट वेळ लागला, पण दार सरळ झालं.

तेवढ्यात साडू आला. सासूबाई कौतुकाने दार उघडबंद करून म्हणाल्या, “हे बघ, मी बसवलं.”

कुणी शिकवलं, हे त्या आता सांगतील म्हणून थोरले वाट बघत राहिले.

“वा, आई!” साडू म्हणाला, आणि त्या चहा ठेवायला वळल्या.