उण्याचं अधिक

मालवाहू विमानांच्या त्या लहानशा तळावर सगळे त्यांना चकतीमामा म्हणत. पायलट निघण्याआधी त्याला उंचीचा हिशेब करून द्यायचा, हे त्यांचं काम. त्यासाठी हत्यार एकच, हाताने फिरवायची एक गोल चकती. तिला म्हणायचं फ्लाइट कम्प्युटर. नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा. ना वीज, ना बॅटरी. पण मामांचा तिच्यावर भारी जीव. नव्या पायलटांना ते दटावून सांगत, "उंची दाखवणारा अल्टिमीटर थंडीत थापा मारतो. दाखवतो जास्त, असतो आपण खाली. आधी हवेचा दाब बसवा, तापमान बसवा, मग खरी उंची वाचा." मध्येच कुणी शंका काढली की त्यांचा पारा चढे. "हे केस काय उन्हात पांढरे झालेत?"

त्या सकाळी त्यांची सख्खी भाची, तीही पायलट, एकटीच औषधं घेऊन डोंगरापलीकडे निघाली. जगाचे मामा असले तरी हक्काची भाची ही एकच. डोंगरमाथा ढगात बुडालेला. तिच्यामागून त्याच वाटेने जाणारा दुसरा पायलटही शेजारी उभा होता. मामांनी दोघांदेखत चकती फिरवली.

"अल्टिमीटरवर साडेआठ हजार फूट ठेवा. खरी उंची नऊच्या वर भरते, डोंगर आठचा आहे. बिनधास्त जा."

भाचीने एकवार चकतीकडे पाहिलं, मान हलवली आणि गेली.

मामा चहा घेऊन बसले. चकती टेबलावर तशीच पडली होती. सहज नजर गेली आणि त्यांनी कप खाली ठेवला. दाब बरोबर होता. तापमान वीस. अधिक वीस. बाहेर काचेवर बर्फ धरलेला, वर डोंगरापाशी उणे वीस, आणि त्यांनी शून्याची भलतीच बाजू धरली होती. त्यांनी घाईघाईने चकती मागे फिरवली. खरी उंची आठ हजारांच्याही खाली आली. म्हणजे पोरगी ढगातून सरळ कड्यावर जाणार. त्यांनी रेडिओचं बटण दाबलं.

"वर चढ," एवढंच ते कसंबसं म्हणाले. "आत्ताच्या आत्ता."

जरा खरखर झाली, मग तिचा आवाज आला. "दहावर आहे मामा. तुम्ही अधिक धरलंत ते मी तिथेच पाहिलं."

"मग बोलली का नाहीस?"

"चारचौघांत तुमची चूक काढू? आईने मला उभं केलं नसतं घरात."

मामांचा जीव भांड्यात पडला, पण क्षणभरच. दुसरा पायलट हेल्मेट काखेत मारून दाराशी तयार उभा होता.

"तुला दिसलं होतं?" मामांनी विचारलं.

"शंका आली होती."

"मग तू कितीवरून जाणार होतास?"

"साडेआठ," तो म्हणाला. "तुम्ही सांगितलंत ना."