गयाआत्यासाठी घर बघताना

काही गोष्टी आपण साठवत नाही, त्या आपोआप साठतात. स्वयंपाकघरातल्या पिशव्यांसारख्या! एक ओढावी तर चार बाहेर येतात. परवा ऑफिसात कुणीतरी सहज विचारलं, "तुमच्या आत्या कुठं असतात हो आता?" मी सांगायला सुरुवात केली. डबा खायची सुट्टी संपली तरी मी पहिल्या सेंटरच्या फाटकाशीच होतो. म्हणून आता सगळं सलग सांगून टाकतो.

गयाआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तीर्थपुरीची. यजमान जाऊन बरीच वर्षं झाली, मूलबाळ नाही. अंगणात पडली, खुब्याचं ऑपरेशन झालं आणि हातात वॉकर आला. मी तिला जालन्याला आमच्याकडं आणलं. पण आमचा फ्लॅट तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. मी ऑफिसात, बायको सुनीता शाळेत. दिवसभर आत्या आणि टीव्ही. काही दिवस तिनं काढले. मग एका संध्याकाळी म्हणाली, "नंदू, मला आशी कोंडून ठिवू नको. म्हाताऱ्या माणसाला सांभाळायच्या जागा असतेत म्हणे. म्हाझ्यासाठी एखादं चांगलं घर बघ."

आता 'घर बघणे' हे आमच्या भावकीतलं मोठं खातं, आणि त्या खात्याची प्रमुख आत्या! मुलगी द्यायच्या आधी मुलाचं घर बघायला तीच जायची. तिनं पास केलं तरच पुढची बोलणी. तिची पद्धत ठरलेली. न सांगता जायचं, जेवणाच्या वेळेला जायचं, बसल्या बसल्या पाणी मागायचं. "बैठक तर कुनीबी सजवतं," ती म्हणायची. "घर मागच्या दारानं कळतं."

मला मात्र वेगळाच घोर लागला होता. लोक म्हणणार, आत्याला टाकून दिलं. लोकांचं सोडा, मलाच तसं वाटत होतं. तिच्या कडेवर वाढलोय मी. शेवटी तिला बोलून दाखवलं.

"तुझ्या बहिणीला हसनाबादला दिली, तवा टाकली म्हन्लास का?" आत्या म्हणाली. "म्या घर बघून दिल्ती. खुशाल हाय का न्हाई?"

"आहे."

"मंग? आता म्हाझी बारी. चल जल्दी."

*

वृद्धांना सांभाळायचं पहिलं सेंटर एकदम चकाचक. काचेचं दार, एसी, टाय लावलेला मॅनेजर. सुनीता तर बघूनच खूश. मॅनेजर कौतुकानं म्हणाला, "आजी, फरशी बघा. इटालियन मार्बल!"

आत्यानं चपलेचा अंगठा फरशीवर हळूच घासून बघितला. मग वॉकरवर रेलून म्हणाली, "लई झ्याक हाय. ह्याच्यावर मी एकदाच चालन. दुसऱ्या बारीला तुम्ही मला उचलूनच न्याल."

तिनं पाणी मागितलं. ट्रेमधून सीलबंद बाटली आली.

"हे पाव्हण्याचं झालं," आत्या म्हणाली. "आतल्यायला कोणतं देता?"

मॅनेजरनं टाय सैल केला!

*

दुसऱ्या ठिकाणी साहेब फार गोड बोलायचे. इतके गोड की चहात साखर नसती तरी चाललं असतं. म्हणाले, "आमच्याकडं सगळे अगदी समाधानी. एवढी माणसं राहतात, पण तक्रार म्हणून नाही."

आत्यानं हॉलकडं बघितलं. भर दुपारी, जेवणाच्या वेळेला, ओळीनं खाटा आणि ओळीनं झोपलेली माणसं. कुणी कूससुद्धा बदलत नव्हतं.

बाहेर आल्यावर ती म्हणाली, "नंदू, तक्रार न करणारी म्हातारी म्या अजून बघितली न्हाई. एक तर हा खोटं बोलून राह्यला, न्हाई तर गोळ्या देऊन निजवून राह्यला."

मला ते तोपर्यंत सुचलंच नव्हतं. उलट मी मनात म्हणत होतो, किती शांत जागा आहे!

जाता जाता सुनीतानं विचारलं होतं, भेटायला कधी येता येईल? साहेब म्हणाले, रविवारी, चार ते पाच. गाडीत बसल्यावर आत्या म्हणाली, "आपल्या जनाक्काची सासू बी इतकी कडक नव्हती. आन तिला सारा गाव भ्यायचा."

*

तिसऱ्या ठिकाणचा किस्सा आत्याचा नाही, दिगूचा. दिगंबर म्हणजे माझा आष्टीचा चुलतभाऊ. त्याला फोन केला, "गाडी घेऊन ये, आत्यासाठी घर बघायला जायचंय." तो आला. पण एकटा नाही! जीपमध्ये फेटे बांधलेली भावकीतली चार वडीलधारी माणसं. घर बघायला कधी दोघं-तिघं जातात का? मानाची माणसं नकोत? दिगूचं म्हणणं बराबर होतं. आमच्यात तशीच रीत आहे.

सेंटरच्या दारात जीप थांबली. एकेक फेटा खाली उतरला, गुडघ्यावर हात ठेवून, कण्हत. मॅनेजर पळतच बाहेर आला. चेहरा असा फुललेला, जणू लॉटरी लागली.

"या, या बाबा! काळजी करू नका. चारही बेड तयार आहेत. एका खोलीतच देतो!"

क्षणभर कुणालाच काही कळेना. मग सगळ्यात थोरल्या आबांच्या ध्यानात आलं. ते ज्या वेगानं उतरले होते, त्याच्या दुप्पट वेगानं परत चढले.

"दिग्या, जीप चालू कर! जल्दी!"

त्या दिवशी घर बघायचं राहूनच गेलं. आबा मात्र तेव्हापासून रोज सकाळी फिरायला जातात.

*

मग परतूरच्या रस्त्याला एक जागा सापडली. बैठ्या खोल्यांच्या दोन रांगा, मध्ये अंगण, लिंबाचं झाड. दिसायला साधीच. आम्ही न सांगता, ऐन जेवणाच्या वेळेला पोचलो. आत्या पुढच्या ऑफिसकडं फिरकलीच नाही. वॉकर टेकत थेट मागं स्वयंपाकघरात! तिथं पाणी मागितलं. भाकरी थापणाऱ्या बाईनं माठाकडं हात केला. सगळे तेच पीत होते.

मग एका खोलीत शिरली. तिथं दोन खाटा. एक रिकामी, एकीवर सरूबाई नावाची म्हातारी. आत्यानं तिचा हात हातात घेतला, मायेनं नव्हे, नखं बघायला! नखं कापलेली होती, चादर धुतलेली होती. इतकं झाल्यावर आत्या रिकाम्या खाटेवर सरळ आडवी झाली आणि उशाची बेल दाबली.

कुणी आलं नाही. परत दाबली. नाहीच. मी आणि सुनीतानं एकमेकांकडं बघितलं. म्हटलं, हे पण गेलं!

तेवढ्यात सरूबाईनं तोंड उघडलं. "शिस्टऽऽर! हितं कोन म्हातारी येऊन पडली बघाऽऽ!"

झाडावरचे कावळे उडाले. सिस्टर धावत आली, तिच्या मागं भाकरीवाली बाई, तिच्या मागं वॉचमन.

"बेल बंद पडलीय आजी," सिस्टर धापा टाकत म्हणाली. "आजच दुरुस्त करून घेते."

"करा," आत्या उठत म्हणाली. "पर हिला बंद करू नका."

सरूबाईला ते आवडलं नाही. "राहायला येऊन राह्यली का तू? खिडकीची खाट म्हाझी हाय. आत्ताच सांगून ठिवते."

"खिडकीतून काय दिसतं म्हणून एवढा तोरा?"

त्यावर बराच वेळ बोलाचाली झाली. गाडीत बसल्यावर मी भीत भीत विचारलं, "काय आत्या?"

"भांडायला माणूस हाय," ती म्हणाली. "पास."

*

तिला पोचवायला गेलो त्या दिवशी सुनीता रडली. मीही रडलो, लपवत नाही. आत्या बहुतेक खिडकीच्या खाटेचा विचार करत होती. "रडू नका," म्हणाली. "पंचमीला मुराळी धाडा म्हंजे झालं." सासरी असलेल्या मुलीला सणाला माहेरी आणायला जातो तो मुराळी. आत्याला आणायला आधी आजोबा जायचे, मग माझे वडील. आता मी.

पंचमीच्या आदल्या दिवशी गेलो. अंगणात लिंबाखाली सगळ्या म्हाताऱ्या बसलेल्या. मध्ये एक खुर्ची रिकामी. मला तिच्यावर बसवलं आणि सरूबाईनं सुरुवात केली.

"कितव्या मजल्यावर राहता?"

"तिसऱ्या. पण दिगू आणि मी खुर्चीत बसवून वर नेतो."

"दिवसा घरी कोन राहतं?"

"उद्या सुट्टी आहे."

"परवा?"

मी रुमाल काढून कपाळ पुसलं.

"फरशी कशीये?"

"...गुळगुळीत."

म्हाताऱ्यांनी एकमेकींकडं बघितलं. आत्या पिशवी मांडीवर घेऊन खाली मान घालून बसलेली. अगदी सासुरवाशिणीसारखी! सरूबाई म्हणाली, "सणाचं न्हाई म्हणता येत न्हाई. दोन दिवस न्या. परवा संध्याकाळी आमचा माणूस येईन न्यायला."

दोन दिवस फार छान गेले. पुरणाचे दिंड झाले, हसनाबादहून बहीण आली, आत्यानं सगळ्यांना नावं ठेवली. पंचमीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी म्हणालो, "आत्या, राहा की अजून आठ दिवस. रजा टाकतो मी."

"बघू," ती म्हणाली.

संध्याकाळी चहा चालू होता. आमच्या दाराची बेल चांगली चालू आहे, पण ती वाजली नाही. खाली गाडीचं दार आपटलं आणि आख्ख्या बिल्डिंगच्या खिडक्या उघडल्या.

"गयाऽऽ! चल घरीऽऽ!"

मी वळून बघितलं. आत्याच्या पायात चपला आधीच होत्या.