बारावं कव्हर

गोखिवऱ्याच्या आमच्या गाळ्यात वीस वर्षं स्कूटरचे सायलेन्सर बनत. ठोकाठोक अशी, की इथले कावळे अंडी घालायला शेजारच्या पापडी गावाला जात. खोटं वाटत असेल तर कावळ्यांना विचारा. मग विजेवरच्या स्कूटर आल्या. त्यांना सायलेन्सरच लागत नाही! ऑर्डरी आटल्या.

छोट्या कारखान्यांना नव्या कामाकडे वळवायच्या योजनेतून एक इंजिनिअर ताई आल्या. दोन महिने खपून त्यांनी आम्हाला विजेच्या मोटारीची कव्हरं करायला शिकवलं. शनिवारी बारा नमुने कंपनीत दाखवायचे होते. एक जरी नापास झाला तर ऑर्डर गेली, आणि गाळ्याला कुलूप.

आदल्या दिवशी शुक्रवार, म्हणजे आमच्या कारखान्यांच्या वसाहतीत आठवड्याची वीज बंद, सगळ्यांना सुट्टी. ताईंनी बॅटरी आणली. भर दुपारी कुठे पत्राही वाजत नव्हता, आणि करंट नसलेल्या गाळ्यात मोटार एकटीच मुकाट फिरत होती. एरवी मी वाघाला हाड म्हणणारा माणूस, पण त्या दिवशी दारापाशीच उभा राहिलो. हवेसाठी.

एकेका कव्हरात ती मोटार बसवून ताईंच्या थरथर मोजायच्या मीटरनं बाराही नमुने पास केले. मग आमचे मिस्त्री पुढे झाले. मिठागराकडच्या गावचे. मशीन तपासायची त्यांची रीत एकच: स्क्रूड्रायव्हरचं टोक मशीनला, मूठ कानाला. बाराव्या कव्हरापाशी त्यांचा चेहरा उतरला.

"शेट, आत कोनीतरी श्वास घेते."

"मिस्त्रीकाका, मीटर चोख आहे हो!" ताई हसल्या.

"मीटरला कान हाय का, बाय?"

मोटार काढली. कव्हराला रॉकेल चोपडून पुसलं, वर खडू फासला. पांढऱ्या खडूवर हळूहळू केसाएवढी ओली रेघ उमटली. तडा! ताईंचं हसू जागच्या जागी विरलं. जादा केलेलं तेरावं कव्हर मिस्त्रींनी ऐकलं, मान डोलावली, आणि शनिवारी ऑर्डर आमची झाली.

आता ताई दर शुक्रवारी शेजारच्या गाळ्यांतली माणसं मिस्त्रींकडे ऐकायला शिकायला पाठवतात. तडा गेलेलं कव्हर फळीवर आहे. रिकामं, आत मोटार नाही, काही नाही. तरी जाताना मिस्त्री त्याला स्क्रूड्रायव्हर लावतात आणि म्हणतात, "हाय अजून."

मी एकदाच कान लावला. तेव्हापासून शुक्रवारी शिकवणी संपली की मी गाळ्यात रेडिओ लावून बसतो, तेही फळीकडे पाठ न करता.