खंडेराव गेटपर्यंतचा अंधार

पुतण्याच्या लग्नालाही मी झाशीला गेलो नव्हतो. या वेळी निघालो, ते अण्णाची, म्हणजे थोरल्या भावाची, दृष्टी गेल्याचं कळलं म्हणून. पण खरं सांगायचं तर विचारपूस करायला नव्हे, भांडायला. वडील गेल्यावर त्यानं मला, दुधाचे दात पडत होते त्या वयात, रात्रीच्या गाडीत एकट्याला बसवून नागपूरला मामाच्या दुकानात कामाला धाडलं. का, ते त्याच्या तोंडून ऐकायचं होतं.

स्टेशनबाहेर रिक्षावाल्यानं सांगितलेलं भाडं मी सरळ निम्मं केलं.

"भैयाजी, इत्ते में तो पहिया भी न घूमे!"

"तो धक्का मैं मारूँगा."

तो हसला आणि तेवढ्यावर तयार झाला. छावणीचे शांत रस्ते मागे पडले, मानिक चौकाची दाटी लागली. तिथे गरम मंगौडे (मुगाच्या डाळीची भजी) घेतले. उत्तम होते.

खंडेराव गेट या जुन्या वेशीजवळ अण्णाच्या दोन खोल्या. पोचलो तेव्हा वहिनी देवापाशी दिवा लावत होत्या. अण्णानं दिव्याला हात जोडले ते भिंतीकडे तोंड करून. मी विषय काढताच वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, दिया-बत्तीच्या (दिवेलागणीच्या) वेळी भांडण नको."

तेवढ्यात वीज गेली. गल्लीत ओरडा झाला.

"बत्ती गेली वाटतं," अण्णा म्हणाला. "चला, आता सगळे माझ्यासारखे."

तरी मी विचारलंच.

"मी पाठवलं तुला?" तो खरोखर आठवत होता. "नाही रे. मामाच घेऊन गेला ना?"

सोंग नव्हतं ते. सोंग मला लगेच कळतं, दुकानदारीत त्यावरच तर पोट भरलं. सौद्याला समोर माणूस तरी लागतो. इथे ती रात्र आठवणारं कोणीच नव्हतं. मी उठलो.

अण्णानं चाचपडत माझा हात धरला. "थांब बंडू, गेटपर्यंत सोडतो. तू अंधाराला भितोस ना."

साठीच्या मला तो आंधळा भाऊ हात धरून नेत होता. "इथे नाली आहे, जपून," म्हणत होता. हात उबदार होता. गेट येईस्तोवर मला उमगलं: मी अंधाराला भितो हे त्याला, मला गाडीत बसवलं त्या रात्रीही, ठाऊक होतं.

किल्ला पाहायचा राहिला. परतीच्या गाडीत सगळ्यांनी दिवे मालवले. मी माझ्या बर्थचा लावला.

"भाईसाहब, सोने दो," वरच्या बर्थवरून आवाज आला.

मी मालवला नाही. उजाडल्यावरही नाही.