पंचावन्नच्या पुढचे सगळे झॉम्बी

मला पळताना पाहून आमच्या सोसायटीतले लोक दोनच प्रश्न विचारत. एक, "डॉक्टरांनी सांगितलंय का?" आणि दुसरा, "घरी सगळं ठीक आहे ना?" साठी ओलांडलेला माणूस सकाळी सहाला कर्वेनगरच्या कॅनॉल रस्त्यावर पळतो, म्हणजे त्याला काहीतरी झालेलं असणार, यावर सर्वांचं एकमत होतं. मी दोन्ही प्रश्नांना "नाही" एवढंच म्हणे. खरं सांगितलं असतं तर तिसरा प्रश्न आला असता.

खरं असं होतं की माझ्या मागे मेलेले लागलेले असत. खराडीला नोकरी करणाऱ्या माझ्या मुलीने फोनवर एक खेळ टाकून दिला होता. इयरफोन लावायचे आणि पळायला लागायचं. जग बुडालंय, मेलेले उठून हिंडू लागलेत, वाचलेली चार माणसं एका छावणीत अडकली आहेत आणि त्यांच्यासाठी औषधं, बॅटऱ्या, डबाबंद अन्न शोधायला तुम्ही बाहेर पडला आहात. मधूनच मागून घरघर ऐकू येते आणि एक बाई थंडपणे सांगते, की ते साठ मीटरवर आले, पळा. मी बत्तीस वर्षं एका कॉलेजच्या ग्रंथालयात काढली. गोष्ट अर्धी टाकून उठायची सवय नाही. तेव्हा पळालो. सहा महिन्यांत पाच किलोमीटर न थांबता पळू लागलो. छावणीतल्यांनी कधी आभार मानले नाहीत, पण कुणी "काका, जपून" असंही म्हटलं नाही.

सोसायटीत पळणाऱ्यांचा एक क्लब होता. मी त्याच्या वाऱ्याला उभा राहत नसे. क्लबचा कप्तान चाळिशीचा, हिंजवडीला कामाला. सहा दिवस कंपनीच्या बसमध्ये तीन-तीन तास बसून काढायचा आणि रविवारी आम्हाला सांगायचा, की पळणं हा एक प्रवास आहे. त्याच्या मनगटावर घड्याळ, कमरेला पाण्याच्या चार बाटल्या आणि दंडावर फोन असे. पाच किलोमीटरसाठी एवढा शिधा आमच्या छावणीलाही लागत नसे.

या क्लबाने एके दिवशी 'झॉम्बी रन' जाहीर केली. पळणाऱ्यांनी कमरेला तीन फिती लावायच्या. रस्त्यात जागोजागी झॉम्बी उभे असतील, ते फिती ओढतील. तिन्ही गेल्या की तुम्ही मेलात, पदक नाही. झॉम्बींनी फक्त चालायचं, पळायचं नाही. मी वाचलं आणि त्याच मिनिटाला फॉर्म भरला. कर्वेनगरात या विषयाचा माझ्याइतका अनुभव दुसऱ्या कुणाला असण्याची शक्यता नव्हती.

दोन दिवसांनी यादी आली. माझं नाव झॉम्बींत होतं.

कप्तानाला मी पार्किंगमध्ये गाठलं.

"काका, पंचावन्नच्या पुढचे सगळे झॉम्बी ठेवलेत. सेफ्टीच्या दृष्टीने."

"बरोबर आहे. मेलेल्यांना इजा होत नाही."

"तसं नाही हो. उलट मोठा रोल आहे. आणि मेकअपपण फारसा..." तो थांबला.

"लागणार नाही," वाक्य मीच पूर्ण केलं.

"गंमत केली, काका."

मला पदक नको होतं. मला फक्त त्या दुसऱ्या यादीत नाव हवं होतं. निवृत्तीनंतर माझं नाव बऱ्याच याद्यांत आपोआप जाऊन बसलं होतं. ज्येष्ठ नागरिक, मोफत रक्तदाब तपासणी, कोजागरीला पुढच्या खुर्च्या. या सगळ्या याद्यांत जायला वाढदिवसापलीकडे काही करावं लागत नाही. पळणाऱ्यांची यादी ही एकच अशी, जिच्यासाठी मी घाम गाळला होता.

मी कप्तानाला एवढंच म्हणालो, की सोसायटीचं मैदान कार्यक्रमाला वापरायचं तर उपविधींप्रमाणे कमिटीचा ठराव लागतो, आणि तो मला कुठे दिसला नाही. उपविधी वाचलेला माणूस सोसायटीत एकच असतो आणि त्याला सगळे घाबरतात. संध्याकाळी दाराच्या कडीला पळणाऱ्याचा नंबर अडकवलेला होता. शेवटचा होता, पण होता.

ही बातमी गेटजवळच्या बाकावर माझ्याआधी पोचली. त्या बाकावर सकाळ-संध्याकाळ निवृत्त मंडळी बसत. त्यांच्यातले सर्वांत थोरले एका सरकारी कचेरीत हेडक्लार्क होते आणि अजूनही समोरच्याकडे चष्म्याच्या वरून, अर्ज अपुरा असल्यासारखे बघत. नाश्ता मिळणार म्हणून बाकावरच्या सगळ्यांनी झॉम्बी व्हायला होकार दिला होता.

"आपण पळणार म्हणे," हेडक्लार्क म्हणाले.

"हो."

"आणि आम्ही मेलेले."

"यादी मी केलेली नाही."

"नाव मात्र आपण काढून घेतलंत. एकट्याचं."

"तुम्हाला पळायचं होतं का?"

"विचारलंत कुठे?"

उपविधी सगळ्यांसाठी काढता आले असते, हे मला तोवर खरोखरच सुचलं नव्हतं. मी "बघू" असं काहीतरी पुटपुटलो आणि लिफ्ट न घेता जिन्याने वर गेलो.

रविवारी साडेसहाला सगळे मैदानात जमलो. प्रमुख पाहुणे साडेसातला आले. त्यांना पुढे दुसरीकडे जायचं होतं म्हणून सत्कार आधी उरकायचं ठरलं. सत्कार कुणाचा, तर ज्येष्ठांचा. ज्येष्ठ कोण, तर झॉम्बी. चेहऱ्याला पांढरी पावडर आणि डोळ्यांखाली काजळ फासलेली अकरा माणसं रांगेने स्टेजवर गेली आणि शाल-नारळ घेऊन खाली आली. बारावं नाव माझं पुकारलं गेलं. यादी आधीच छापून झाली होती. मी बुटाची नाडी बांधायला खाली वाकलो आणि पाहुणे माइकपाशी येईपर्यंत वाकलेलाच राहिलो.

पाहुणे म्हणाले, "आपला भाषणावर विश्वास न्हाई." मग पंचवीस मिनिटं बोलले. त्यातलं एवढंच मला पटलं. "आत्ता तुमचं पार्किंग हाय ना, तितं आमची म्हशीची दावण व्हती. म्हस सुटली की आमी पळायचो. फीत न्हाई, घड्याळ न्हाई. म्हस घावली की संपलं." कप्तानाने टाळ्या वाजवल्या. त्याला वाटलं, कौतुक चाललंय.

पळायला सुरुवात झाली तेव्हा ऊन चढलं होतं आणि एक अडचण कुणाच्याच लक्षात आली नव्हती. झॉम्बींच्या हातात नारळ होते. आता सत्काराचा नारळ कुणी रस्त्याकडेला ठेवून जात नाही, मेल्यावरसुद्धा नाही. तेव्हा प्रत्येकाने शालीची झोळी करून, त्यात नारळ टाकून ती खांद्याला अडकवली आणि हात मोकळे केले.

पहिले तीन झॉम्बी कॅनॉल रस्त्याच्या वळणावर उभे होते. कप्तान आणि त्याची तरुण मंडळी माझ्या पुढे होती. झॉम्बींनी त्यांना बाजूला सरून वाट दिली. एक जण तर "हळू रे बाळांनो, खड्डा आहे" असंही म्हणाला. मग तिघांनी वाट बंद केली आणि माझ्याकडे बघितलं.

"या. आपलीच वाट बघत होतो."

पहिली फीत तिथे गेली. दुसरी दूध केंद्रापाशी, जिथे चार जण हात धरून उभे होते. तरुणांच्या एकाही फितीला कुणी बोट लावलं नव्हतं. अकरा झॉम्बींना पुऱ्या कर्वेनगरात खायला एकच माणूस सापडला होता. मी चिडून, कडेच्या गवतातून पळालो, तिघांना चुकवलं आणि परतीच्या वाटेला लागलो. एक फीत शिल्लक होती. मैदानाचं फाटक दिसू लागलं होतं.

हेडक्लार्क फाटकाच्या अलीकडे, रस्त्याच्या मधोमध उभे होते. एका चालणाऱ्या माणसाला चुकवणं अवघड नव्हतं. मी डावीकडून निघून गेलो आणि वेग थोडा कमी केला. तेवढ्यात मागून नारळ पाठीवर आपटल्याचा आवाज आला. मग पुन्हा. मग भराभर.

मी वळून पाहिलं. ते पळत होते. धोतरासारखी पँट वर धरून, चष्मा नाकाच्या टोकावर, तोंड उघडं.

"नियम चालायचा आहे!" मी ओरडलो.

"उपविधीत दाखवा," ते धापा टाकत म्हणाले, आणि फीत ओढली.

मी फाटकातून आत गेलो तो मेलेला. कप्तानाने गळ्यातलं पदक सावरत सांगितलं, की नियमाप्रमाणे मला पदक देता येत नाही, पण एक शाल आणि नारळ उरलाय. मी तो घेतला. नाही म्हणायला श्वास नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला बाक रिकामा होता. कॅनॉल रस्त्याच्या तोंडाशी हेडक्लार्क उभे होते. पायात पांढरेशुभ्र नवे बूट, त्यांच्यावरची किमतीची चिठ्ठीही निघायची होती.

"काल मी किती पळालो असेन?" त्यांनी विचारलं.

"शंभर मीटर."

"एकशे साठ. मागाहून जाऊन पावलांनी मोजलंय." त्यांनी चष्म्यावरून माझ्या कमरेकडे पाहिलं. "फीत नाही लावलीत आज?"

"नाही."

"हरकत नाही. आपण व्हा पुढे."

मी इयरफोन खिशात टाकले आणि निघालो. घरघर साठ मीटरपेक्षा बरीच जवळ होती.