रंजका नासला ते वर्ष

रंजका म्हणजे काय ते आधी सांगते, कारण पुण्याकडची माणसं त्याला सरळ ठेचा म्हणतात आणि माझं डोकं फिरतं. ठेचा आज केला, आज संपला. रंजक्याला मुरावं लागतं. थंडी सरता सरता बाजारात पिकलेली ओली लाल मिरची येते. ती धुवायची, फडक्याने पुसायची, सावलीत पसरायची आणि मगच देठ काढायचे. आधी देठ काढले तर पाणी आत शिरतं आणि सगळं मुसळ केरात. मग मीठ, हिंग, मेथीची पूड, हळद घालून उखळात कुटायची, वर लिंबू पिळायचं, चिनी मातीच्या बरणीत भरून तोंडाला फडकं बांधायचं. पुढचे आठ दिवस बरणी आपलं काम आपण करते. ज्वारीची गरम भाकरी, तिच्यावर रंजका, त्यावर तेलाची धार. ज्याने हे खाल्लेलं नाही त्याच्याशी मी वाद घालत नाही.

आमचं घर हुबळीत, दाजीबानपेठेच्या मागच्या गल्लीत. खाली कापडाचं दुकान, वर आम्ही सगळे. मी धारवाडची. वडील शाळेत शिक्षक, घरात पुस्तकं जास्त आणि डबे कमी. बी.एस्सी. होऊन मी या घरात थोरली सून म्हणून आले तेव्हा नव्वदीची दोनेक वर्षं सरली असतील. मला जंतूंची लॅटिन नावं पाठ होती आणि कुरडईचा चीक ढवळता येत नव्हता. सासूबाईंनी पहिल्या उन्हाळ्यातच निकाल देऊन टाकला, "शिकलेली आहे, शिकेल."

दोन वर्षांनी धाकटी जाऊ आली, कलघटगीची. दहावीत दोनदा नापास झालेली, हसरी, जरा बावळटच म्हणावी अशी. पण तिचे हात! भर थंडीत ती दूध विरजायची आणि सकाळी सुरीने कापावं असं दही. गहू भिजत घातले की तिसऱ्या दिवशी नुसता वास घेऊन सांगायची, "आज नको आत्याबाई, उद्या वाटू." आणि उद्याच बरोबर असायचं. पापडाच्या पिठाला ती नुसती टिचकी मारायची. सासूबाई कुणाचं कौतुक करण्यातल्या नव्हेत, पण शेजारणींसमोर एकदा म्हणाल्याच, "धाकटीच्या हाताला गुण आहे बघा."

खोटं कशाला बोलू, मला झोंबलं. आमच्या घरात 'हाताला गुण' हे साधं कौतुक नव्हतं. माजघराला लागून धान्या-लोणच्याची कोठीची खोली होती, तिला सगळे कन्नडमधला शब्द वापरून उग्राण म्हणत. उग्राणाची किल्ली सासूबाईंच्या कमरेला. त्या थकत चालल्या होत्या, आणि ही किल्ली पुढे त्या सुनेकडे जाणार हे भिंतींनासुद्धा ठाऊक होतं जिच्या हातचं टिकतं. किल्ली जिच्याकडे तिचा शब्द स्वयंपाकघरात चालणार, दुसरीने पाणी तापवायचं. थोरली मी होते, पण हात तिचा होता.

त्या वर्षी मिरची आली आणि सासूबाईंचा खांदा धरला. धाकटी नेमकी त्याच दिवशी कडेला बसली, म्हणजे तिचे ते चार दिवस सुरू झाले. त्या दिवसांत आमच्याकडे देवघर आणि उग्राण, दोन्हींचा उंबरा ओलांडायचा नाही. रंजका, लोणची, पापड यांच्यावर तर सावलीही पडू द्यायची नाही, नासतात म्हणे. मिरची काही थांबत नाही. सासूबाई म्हणाल्या, "थोरले, या वर्षी तू कर. दहा किलो मिरची आहे, दोन किलो मीठ. हात आखडू नकोस."

माझी पाळी आली एकदाची, असं मला वाटलं. त्यातच माझी हुशारी जागी झाली. मामंजींना तेव्हा रक्तदाब निघाला होता आणि डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं होतं. ते दोन वेळा रंजक्याशिवाय जेवत नसत. मी विचार केला, या बायकांना कोण सांगणार, मीठ घालतात ते नुसत्या सवयीने. आपण कमी घालावं, लिंबू थोडं जास्त पिळावं, मामंजींची तब्येतही सांभाळली जाईल आणि मग सांगू की शास्त्र काय असतं. दोन किलोच्या जागी मी जेमतेम पाऊण किलो मीठ घातलं. उरलेलं पुन्हा मिठाच्या मडक्यात ओतलं. कुणी पाहिलं नाही.

चाखून कुणाला कळलं असतं, पण चाखायचं नाही हीच तर रीत. नवा रंजका आठव्या दिवशी आधी देवाला, मग माणसांना. तोवर जिभेला लावायचा नाही, मीठ हातानेच ओळखायचं. सासूबाईंनी स्वतः फडकं बांधून गाठ मारली आणि बरणी उग्राणाच्या कोपऱ्यात ठेवली. मी आठ दिवस अगदी खुशीत होते.

आठव्या दिवशी सकाळी त्यांनी गाठ सोडली आणि मागे सरल्या. "यव्वा!" एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. वास माजघरापर्यंत आला. वर बोटभर पांढरी बुरशी, खाली फसफसलेला, बुळबुळीत लगदा. दहा किलो मिरची. मी खोलीच्या दारात उभी होते आणि मला तत्काळ कळलं की काय झालंय. मीठ कमी पडलं की काय काय वाढतं हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. चांगले मार्कही मिळाले होते.

सासूबाई बरणीकडे बघत नव्हत्या, फडक्याकडे बघत होत्या. "ही गाठ माझी नाही," त्या म्हणाल्या. "मी अशी मारत नाही." मग त्यांनी धाकटीला हाक मारली. ती न्हाऊन-धुऊन घरात वावरायला लागून चारच दिवस झाले होते. "कडेला होतीस तेव्हा शिवलीस ना?"

धाकटी खाली बघत उभी राहिली. आता सगळ्यांनाच कंठ फुटला. चुलतसासू आल्या होत्या, त्या म्हणाल्या खेड्यातल्या पोरींना रीतभात नसते. नणंद म्हणाली गेल्या वर्षीचे सांडगेसुद्धा हिच्याचमुळे काळे पडले असतील. मामंजी जिन्यावरून विचारत होते काय झालं, त्यांनाही वरूनच सांगण्यात आलं. धाकटीचा नवरा, माझा दीर, दुकानात निघून गेला.

मला गाठीचं ते बोलणं सासूबाईंचा भ्रम वाटला. खांदा दुखत होता, गाठ कशीही बसली असेल. मला वाटलं धाकटी निरपराध आहे आणि भित्री आहे. एक वाक्य बोलायचं होतं, 'आत्याबाई, मीठ मी कमी घातलं.' ते वाक्य माझ्या दातांपर्यंत आलं होतं. आणि त्याच वेळी, लाज वाटते सांगायला पण सांगते, मला आतून बरंही वाटत होतं. मी गप्प बसले.

बरणी परड्यात खड्डा करून पुरली. सासूबाईंनी फर्मान काढलं की यापुढे धाकटीने टिकवणीच्या कशालाही हात लावायचा नाही. सुरुवातीला वाटलं चार महिन्यांत विसरतील. नाही विसरल्या. उन्हाळ्यात गल्लीतल्या बायका आमच्या गच्चीवर पापडाला जमायच्या, पंधरा-पंधरा पोळपाट मांडलेले असायचे, आणि जिला टिचकीवर पीठ कळत होतं ती खाली त्या पंधराजणींसाठी चहा उकळत बसायची. पुढे दही विरजणंही माझ्याकडे आलं. माझं दही पाणी सोडायचं. सगळे मुकाट्याने खायचे.

पुढच्या वर्षी मी रंजका केला तो दहाला दोन किलो, वर आणखी एक मूठ. उत्तम झाला. त्याच्या पुढच्या वर्षीही झाला. करत गेलं की येतं सगळं, त्यात काही दैवी नाही. सासूबाईंनी एका संक्रांतीला किल्ली माझ्या हातात ठेवली. गल्लीत माझ्या मिठाच्या अंदाजाचं नाव झालं, सुना मला विचारायला यायच्या, आणि मी चार समजुतीच्या गोष्टी सांगायचे. धाकटीने कधी तोंड वाकडं केलं नाही. माझ्या बाळंतपणात तिने माझं सगळं केलं. सांगायचंच असतं तर शंभर वेळा सांगता आलं असतं. आज नको, सण आहे. आज नको, पाहुणे आहेत. सासूबाई आजारी पडल्यावर तर फारच सोयीचं झालं. आता या वयात त्यांना कशाला त्रास, असं म्हणायला लागले.

सासूबाई गेल्या. वर्षभराने दोघे भाऊ समजुतीने वेगळे झाले आणि धाकटी नवनगरला राहायला गेली. छोटं, स्वच्छ घर, अमरगोळच्या बाजार यार्डापासून चालत जाण्याइतकं. मिरचीच्या दिवसांत तिथल्या वाऱ्यालाही ठसका लागेल अशी खाट असते. अशाच एका फेब्रुवारीत मी तिच्याकडे गेले. मनाशी पक्कं करून गेले होते की आज सांगायचं. बारा-तेरा वर्षं झाली होती.

"आलात की अक्का, आधी जेवा," म्हणाली. ताट वाढलं. भाकरी नेहमीसारखी, कागदासारखी पातळ. बाजूला लिंबाचं लोणचं, त्याची पिशवी ओट्यावरच होती. दही वाढलं तेही पिशवी कापून. मी इकडेतिकडे पाहिलं. एकही बरणी दिसेना.

"रंजका कुठं ठेवलायस?" मी विचारलं. "दारात मिरची विकायला बसलेत तुझ्या."

"आम्ही विकतच आणतो. बरा मिळतो हल्ली."

"आणि दही?"

"तेही. सोपं पडतं, अक्का."

"अगं, इथं तुला अडवायला कोण आहे?"

ती माझ्यासमोर बसली. पदराला हात पुसले, पुन्हा पुसले. "कुणी नाही," ती म्हणाली. "माझाच धीर होत नाही. तुम्हाला म्हणून सांगते, कुणाला बोलू नका. मी खरंच शिवले होते."

मला काही कळेना. मग तिने सांगितलं. तिसऱ्या दिवशी दुपारी घरात कुणी नव्हतं. उग्राणाच्या दाराशी तिला वास लागला, नेहमीचा नव्हे, वेगळा. दार त्या दिवशी नुसतं लोटलेलं होतं. आत गेली, गाठ सोडली, तर रंजका फुगून वर आलेला. राहवलं नाही म्हणून हाताने खाली दाबला आणि फडकं पुन्हा बांधलं. वाटलं वाचेल. "वाचवायला गेले आणि माझ्याच हाताने गेला. आत्याबाईंनी विचारलं तेव्हा काय बोलणार? खोटं सांगायचं तरी कसं? तेव्हापासून भीतीच बसली. एवढ्याशा दुधात विरजण घालायचं म्हटलं तरी हात थांबतो बघा."

इतकी वर्षं मी समजत होते की तिला निदान आपण निर्दोष आहोत एवढं तरी ठाऊक असेल. हातातला घास मी ताटात ठेवला. मी सगळं सांगितलं. मामंजींचा रक्तदाब, दोन किलोच्या जागी पाऊण किलो, मडक्यात परत ओतलेलं मीठ. तिने दाबला तेव्हा तो आधीच बिघडायला लागला होता, म्हणून तर तिला वास आला, हेही समजावलं. तिच्या हाताचा काडीचाही संबंध नव्हता. माझा होता.

ती ऐकत होती. मग हसली, अगदी पूर्वीसारखी.

"तुम्ही? आणि मीठ कमी?" ती म्हणाली. "काहीतरीच काय अक्का. माझ्या मनाला बरं वाटावं म्हणून किती स्वतःवर घ्याल?"

"देवाशपथ सांगते गं."

"इरली बिड्री," ती म्हणाली, जाऊ द्या आता ते. माझ्या ताटात आणखी एक भाकरी ठेवली. "त्या दिवशी उभं घर मला बोललं. तुम्ही एकट्याच गप्प राहिलात. ते मी कधी विसरले नाही."